दोन आठवड्यांच्या शिबिरातली मैत्री किती खरी असते?

पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला उन्हाळ्याच्या सुटीत दोन आठवड्यांच्या निवासी शिबिराला जायचे आहे. बरोबर येणार असलेल्या जिवाभावाच्या मैत्रिणीने ऐन वेळी नकार दिला, त्यामुळे तिथे तिच्या ओळखीचे कोणीच नसेल. घरातल्यांचे म्हणणे असे, की पुढच्या वर्षाच्या अभ्यासाची तयारी बाजूला ठेवून ती जाणार आणि तिथे जुळलेल्या मैत्र्या चौदा दिवसांत संपणार. मग यातून साधणार काय? आणि पाठवायचेच ठरले, तर शिबिर पारखायचे कसे?

गेली चोवीस वर्षे मी १४ ते १७ वयाच्या मुलामुलींची निवासी शिबिरे घेत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की मुलीला जरूर पाठवा आणि मैत्रीण येत नाही म्हणून पाठवणे थांबवू नका. मात्र कोणत्याही शिबिरात मुलांना एकत्र ठेवले की मैत्री आपोआप जुळते, अशी समजूत करून घेऊ नका. माझ्या पाहण्यात ती दोन गोष्टींतून जुळते: ज्याच्यावाचून सर्वांचे अडेल असे काम, आणि कोणीही न आखलेला मोकळा वेळ. माहितीपत्रकात मैत्री, संघभावना आणि नेतृत्व हे शब्द कितीही वेळा आले असले, तरी या दोन गोष्टी जिथे नाहीत तिथून मुले फार तर ओळखी घेऊन परततात.

चौदा दिवस अपुरे वाटतात, म्हणून आधी वेळेचा हिशेब करू. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्याने ओळख झालेली माणसे एकमेकांची मित्र व्हायला किती वेळ लागतो याचा अंदाज बांधला होता. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास, खऱ्या अर्थाने मित्र म्हणावे इतके जवळ यायला सुमारे ९० तास आणि घट्ट मैत्रीला २०० तासांहून अधिक, असे ते आकडे होते. तो अभ्यास प्रौढ आणि महाविद्यालयीन वयाच्या माणसांचा होता, त्यामुळे किशोरवयीन मुलांना तो जसाच्या तसा लावणे योग्य नाही. पण प्रमाण ध्यानात येण्यासाठी तो उपयोगी आहे. शाळेतल्या मैत्रिणीशी रोज मधल्या सुटीत अर्धा तास मनमोकळे बोलणे होत असेल, तर ५० तास भरायला शंभर दिवस लागतात. निवासी शिबिरात जागेपणीचे बारा-चौदा तास एकाच गटात जातात, म्हणजे दोन आठवड्यांत दीडशे ते दोनशे तास सहज होतात. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. वर्गात किंवा कामाच्या जागी केवळ नाइलाजाने शेजारी बसून काढलेले तास जवळीक वाढवत नाहीत. ती वाढते आपखुशीने एकत्र घालवलेल्या वेळात. शिबिर निवडताना हा फरक मनात ठेवावा, कारण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत व्याख्याने आणि सत्रे ठासून भरलेले शिबिरही निवासीच असते आणि तिथे शाळेचा वर्ग फक्त मुक्कामाला आलेला असतो.

सर्वांचे अडेल असे काम म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगते. आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतरची मोठी भांडी घासण्याची पाळी गटागटाने येते. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी दोन मुलींना एक भले मोठे पातेले मिळाले, त्याच्या बुडाशी करपलेला थर होता. एक मुलगी कमालीची अबोल. दुसरी पहिल्या दिवसापासून सगळ्यांवर हुकूम सोडणारी. पहिली दहा मिनिटे दोघी पातेल्याच्या दोन बाजूंनी, एकमेकींकडे न पाहता, घासत होत्या. मग बोलकीचा हात दुखू लागला, तिने घासणी टाकली आणि हे आपल्याला जमणार नाही म्हणून ती बाजूला झाली. अबोल मुलीने काही न बोलता पातेल्यात गरम पाणी आणि मूठभर राख घातली, ते झाकून ठेवले आणि म्हणाली, “थोडा वेळ बस, मग सुटेल.” त्या थोड्या वेळात दोघी ओट्यावर पाय सोडून बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही, आणि ऐकायचा प्रयत्नही करू नये. पण पातेले लख्ख होऊन वीस मिनिटे झाली तरी त्या तिथून हलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी चढाच्या वाटेवर त्याच बोलक्या मुलीने, आपल्या गटाचा वेग अबोल मुलीला झेपत नाही हे पाहून, सगळ्यांना थांबवले. तिच्यातली हुकूम सोडण्याची सवय गेली नव्हती. आता ती दुसऱ्याच्या उपयोगी पडत होती.

हे काम आम्ही त्यांना मैत्री व्हावी म्हणून दिले नव्हते. पातेले घासले नसते, तर सकाळी त्यात स्वयंपाक झाला नसता. मुलांना हा फरक लगेच कळतो. डोळे बांधून मागे पडायचे आणि दुसऱ्याने झेलायचे, असले विश्वासाचे खेळ मीही सुरुवातीची काही वर्षे घेतले. मुले हसतात, टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी आपापल्या जुन्या टोळक्यात परत जातात, कारण तिथे कोणाचे खरोखर अडलेले नसते.

या बाबतीत सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांच्या प्रयोगाचा उल्लेख करायला हवा, कारण तो शिबिरातच झाला होता. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी, साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलग्यांना दोन गटांत विभागून त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावण्यात आल्या. काही दिवसांतच शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या निवासावर धाड घालणे इथपर्यंत मजल गेली. नंतर दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला आणि चित्रपट पाहायला बसवून पाहिले, तेव्हा वैर कमी झाले नाही. ते निवळू लागले ते, शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि बंद पडलेला ट्रक दोर लावून ओढावा लागला, अशा वेळी. कारण ही कामे एका गटाला एकट्याने जमणारी नव्हती. या प्रयोगात मोठ्या माणसांनी मुलांना मुद्दाम भडकवले होते आणि अडचणीही मुद्दाम उभ्या केल्या होत्या, म्हणून त्याच्यावर पुढे बरीच टीका झाली व ती रास्त आहे; आज कोणी असे करू नये. मला मात्र याच संशोधकांचा १९५३ सालचा, अर्धवट सोडावा लागलेला प्रयोग अधिक बोलका वाटतो. त्यात गट पाडण्याआधी मुले काही काळ एकत्र राहिली होती, त्यांच्यात मैत्री जुळली होती, आणि नंतर कितीही डिवचले तरी ती एकमेकांवर उलटली नाहीत. एकदा जुळलेली मैत्री, नुकतीच जुळलेली असली तरी, माणसाला कोणाच्या चिथावणीपासून कशी सावरते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता तुमच्या मुलीच्या वयाविषयी. चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत शाळेत प्रत्येकाची एक ठरीव ओळख झालेली असते: ही हुशार, तो विनोदी, ती रडकी, तो कधीच न बोलणारा. ही ओळख तिसरी-चौथीत केव्हातरी चिकटलेली असते आणि मूल बदलले तरी वर्ग ती सुटू देत नाही. घरीही थोडेबहुत असेच होते. आपण आईवडील मुलांना त्यांच्या कालच्या वयाने ओळखत असतो. जिथे आपल्याविषयी कोणालाच काही माहीत नाही, अशा ठिकाणी या वयाचे मूल पहिल्यांदा स्वतःला नव्याने मांडून पाहते. गाणे कधीच न म्हणणारी मुलगी शेकोटीपुढे गाते. वर्गातला विदूषक रात्री पडल्या पडल्या आपल्या भीतीविषयी बोलतो. आणि समोरचा त्या नव्या माणसाला मित्र म्हणून स्वीकारतो, ही गोष्ट त्या मुलाला पुढे कित्येक वर्षे पुरते. म्हणून या मैत्रीचे मोल तिच्या टिकण्यावर मोजणे मला मान्य नाही. ती टिकली तर आनंदच आहे. पण ती संपली तरी ‘मला अनोळखी माणसांत जाऊन आपले माणूस मिळवता येते’ हा अनुभव त्या मुलीजवळ राहतो. पुढे महाविद्यालयात, वसतिगृहात, पहिल्या नोकरीत तिला नेमका तोच लागणार आहे. अभ्यासाची तयारी दोन आठवडे उशिरा सुरू झाली तर भरून काढता येते. हा अनुभव पंधराव्या वर्षी मिळणे आणि पंचविसाव्या वर्षी मिळणे यांत फार अंतर आहे.

याच कारणासाठी मैत्रीण येत नाही हे मला तुमच्या मुलीच्या फायद्याचे वाटते. दोन घट्ट मैत्रिणी एकत्र आल्या, की पहिल्या संध्याकाळी त्या शेजारी शेजारी अंथरूण टाकतात, जेवायला एकत्र बसतात, आणि इतरांना त्यांच्यात शिरायला फट राहत नाही. त्यांना स्वतःलाही बाहेर पडायची गरज भासत नाही. चौथ्या दिवशी त्यांच्यात बिनसले, तर दोघींनाही दुसरे कोणी नसते, आणि ते भांडण घरापर्यंत जाते. अपवाद आहेत. ज्या मुलाला नवख्या ठिकाणी बोलताना खरोखर घुसमटल्यासारखे होते, किंवा ज्याला शाळेत फार छळ सोसावा लागला आहे, त्याच्यासाठी ओळखीचा एक चेहरा आवारात असणे आधाराचे ठरते. अशा वेळी दोघांना एकाच शिबिरात ठेवावे, पण वेगवेगळ्या गटांत आणि वेगवेगळ्या तंबूंत ठेवण्याची विनंती करावी.

पहिले तीन दिवस जड जातील, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. घराची ओढ लागणे हा आजार नव्हे आणि कमकुवतपणाही नव्हे. बहुतेक मुलांना ती कमीअधिक लागते, मोठ्या मुलांनाही लागते, फक्त ती ते बोलून दाखवत नाहीत. अंथरुणात शिरल्यावर, दिवा मालवल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत कठीण असतो. जाण्यापूर्वी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे किंवा मैत्रिणीच्या घरी राहण्याचा सराव झालेला असेल तर मदत होते. एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका: ‘नाही आवडले तर फोन कर, मी लगेच घ्यायला येते’ असे वचन देऊ नका. ते प्रेमापोटी दिलेले असते, पण त्याचा अर्थ मुलीच्या मनात असा उतरतो, की हे तुला झेपणार नाही असे आईलाही वाटते. मग पहिला अवघड क्षण येताच ती शेजारच्या मुलीशी बोलण्याऐवजी सुटकेचा विचार करू लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली घराच्या ओढीविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही असे वचन देऊ नये असेच सांगितले आहे. त्याऐवजी तिला असे सांगा, की कठीण वाटले तर तिथल्या ताईला जाऊन सांग, ती याच कामासाठी आहे. (आमच्याकडे गटाबरोबर राहणाऱ्या तरुण मार्गदर्शकांना मुले ताई-दादाच म्हणतात, म्हणून हा शब्द वापरला.) मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा त्याला कोणी त्रास देत असेल, तर शिबिराने तुम्हाला त्याच दिवशी कळवले पाहिजे, ही हमी मुलीकडून नव्हे, आयोजकांकडून घ्यावी.

शिबिरात सगळे गोडच असते असे मी सांगणार नाही. जिथे मैत्री जुळते तिथेच एखादे मूल बाहेरही पडते, आणि पुष्कळदा त्याला मोठ्यांचा निष्काळजीपणा कारणीभूत असतो. माझ्या कामाच्या सहाव्या-सातव्या वर्षी मी स्वतः अशी चूक केली. खेळासाठी दोन कप्तान नेमले आणि त्यांना एकेक नाव पुकारून आपला संघ निवडायला सांगितले. सोळा मुले एका रांगेत उभी होती. शेवटी एकच मुलगा उरला. त्याचे नाव पुकारायची गरजच पडली नाही, तो मान खाली घालून उरलेल्या संघाकडे चालू लागला, आणि मधल्या त्या पंधरा-वीस पावलांत सगळे त्याच्याकडे पाहत होते. पुढचे नऊ दिवस तो मुलगा ‘शेवटचा’ राहिला: जेवणाच्या रांगेत, तंबूत, पोहण्याच्या जोडीत. आम्ही त्याला समजावत राहिलो, दुसऱ्यांनाही समजावले, पण त्या रांगेत जे ठरून गेले होते ते आम्हाला पुसता आले नाही. त्यानंतर आमच्या शिबिरात मुलांनी मुलांना निवडण्याचा प्रकार पूर्णपणे बंद आहे. जोड्या आणि संघ चिठ्ठ्यांनी किंवा आमच्या यादीप्रमाणे ठरतात आणि दर दोन दिवसांनी बदलतात. तंबूतला गट मात्र शेवटपर्यंत तोच राहतो.

दुसरी काळजी संगतीची. बरोबरीची मुले पाहत असली की या वयात धाडस वाढते, हे आपण अनुभवाने जाणतो आणि ते प्रयोगांतही दिसले आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुलांनी सोबती हजर असताना एकटे असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला, आणि प्रौढांत असा फरक दिसला नाही. म्हणून मोकळा वेळ हवा असे मी म्हणते, तेव्हा बिनदेखरेखीचा वेळ असे मला म्हणायचे नाही. मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे, पण संभाषणात नसावे. हे अंतर राखता येणे हीच चांगल्या मार्गदर्शकाची खरी कसोटी आहे, आणि ते यायला दोन-तीन उन्हाळे जातात.

फोनबद्दल मी काहीशी कडक आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सहावीत शिकणारी पन्नासेक मुले पाच दिवस फोन, टीव्ही, संगणक असा कोणताही पडदा न पाहता निसर्गशिबिरात राहिली, तेव्हा चेहऱ्यावरचे आणि हावभावांतले भाव ओळखण्याची त्यांची क्षमता, नेहमीप्रमाणे घरीच असलेल्या त्यांच्या शाळासोबत्यांपेक्षा अधिक सुधारलेली आढळली. ती मुले तुमच्या मुलीपेक्षा लहान होती आणि सुधारणा पडदा नसल्याने झाली की सहवासाने, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. माझे निरीक्षण साधे आहे: फोन जवळ असला, की अस्वस्थ वाटणारे मूल जुन्या मित्रांशी बोलते आणि समोर बसलेले दुसरे अस्वस्थ मूलही तेच करते. दोघांचीही सुटका होते आणि ओळख व्हायची राहून जाते.

शिबिर पारखताना आयोजकांना कार्यक्रमांची यादी विचारण्यापेक्षा दिवसाचे वेळापत्रक विचारा आणि त्यात न भरलेला वेळ किती आहे ते पाहा. दिवसाकाठी दीड-दोन तास तरी असावा. एका मार्गदर्शकाकडे किती मुले असतात? या वयाला आठ ते दहा ठीक, वीस असतील तर कोण एकटे पडले आहे हे त्याला कळणारच नाही. मुले स्वतः कोणती कामे करतात, आणि ती केली नाहीत तर काय अडते? दरवर्षी येणारी जुनी मुले आणि नवी मुले कशी मिसळतात? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गेल्या वर्षी एखादे मूल एकटे पडले होते का, तेव्हा तुम्ही काय केले, असे सरळ विचारा. ‘आमच्याकडे असे कधी होत नाही’ हे उत्तर मिळाले, तर मी माझ्या मुलीला तिथे पाठवणार नाही. मुलींच्या निवासाची व्यवस्था, रात्रीची देखरेख, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का, आणि जवळ वैद्यकीय मदत किती वेळात मिळते, हे प्रश्न तर विचारायलाच हवेत. त्यांची उत्तरे लेखी मागायला संकोच करू नका.

एक आठवड्याचे शिबिर निवडावे का, असेही अनेक पालक विचारतात. शक्य असेल तर दोन आठवड्यांचेच निवडा. साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे एकमेकांशी जपून, गोड वागतात. पाचव्या-सहाव्या दिवशी दमणूक होते, पहिले भांडण होते, अबोला धरला जातो. सात दिवसांचे शिबिर नेमके इथेच संपते आणि मूल ते भांडण घेऊन घरी येते. दोन आठवडे असले, की त्याच तंबूत, त्याच मुलीशेजारी आणखी आठ रात्री काढायच्या असतात, त्यामुळे कोणीतरी पडते घ्यावेच लागते. शाळेत रुसलेल्या मैत्रिणीला टाळता येते, फोनवर बंद करून टाकता येते. इथे सकाळी एकाच नळावर तोंड धुवायचे असते. भांडून पुन्हा बोलू लागलेल्या जोड्याच पुढे वर्षानुवर्षे एकमेकांना धरून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

परत आल्यावर मुलगी दोन-तीन दिवस गप्प राहील, चिडचिड करेल, ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणेल. त्याचा राग मानू नका. तिच्यापासून एक अख्खे जग एका दुपारीत सुटलेले असते. शिबिराच्या गटावर संदेशांचा पाऊस पडेल, महिन्याभरात तो ओसरेल आणि शाळा सुरू झाल्यावर एखाद-दुसरी मैत्रीण उरेल. ‘बघ, मी म्हटले नव्हते का’ हे वाक्य तेव्हा कोणी उच्चारू नये. जमले तर त्या उरलेल्या एका मैत्रिणीला सुटीत घरी राहायला बोलवा. मागे राहिलेल्या जुन्या मैत्रिणीलाही या काळात थोडे परके वाटते, तिच्याकडेही लक्ष असू द्या.

आणि घ्यायला जाल तेव्हा वेळेवर पोहोचा, पण सामान लगेच गाडीत टाकू नका. दाराशी थांबा. तिला अजून दोन-तीन जणींना काहीतरी सांगायचे राहिलेले असेल.